दिनविशेष, १२ मे : खोपोलीला रेल्वे आली (१८५६)

मुंबई-ठाणे गाडी सुरू झाल्यानंतर तीन वर्षांनी, १२ मे १८५६ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग पळसदरीवरून खोपोलीपर्यंत खुला झाला. पुढे बोरघाट आडवा होता. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे गाडी धावू लागली, तरी मधला घाट पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढावा लागे. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग सुरू होताच मुख्य वाहतूक पळसदरीहून थेट खंडाळ्याकडे वळली आणि खोपोलीचा फाटा बाजूला पडला. १९१५ मध्ये टाटांच्या जलविद्युत केंद्राने गावाला उद्योगाची ओळख दिली. आज केळवली, डोळवली, लौजी घेत जाणारी कर्जत-खोपोली लोकल या पट्ट्यातील चाकरमान्यांना कल्याण-मुंबईशी जोडते.