मिर्झाराजांचा शब्द

युरोपातील मध्ययुगीन कथांत चिलखतधारी वीर घोड्यावर स्वार होऊन एखाद्या दुर्लभ वस्तूच्या शोधार्थ निघतो. वाटेत तो अनेक संकटांशी झुंजतो. पण अखेरची कसोटी बहुधा त्याच्या तलवारीची नसून त्याच्या वचनाची असते. आपल्या इतिहासात अशी कसोटी कोणाची झाली, असा प्रश्न केल्यास मला बऱ्हाणपुरानजीक तापीच्या काठी उभ्या असलेल्या एका छत्रीचे स्मरण होते. लोक तिला ‘राजा की छत्री’ म्हणतात. हा राजा म्हणजे अंबरचे मिर्झाराजे जयसिंह.

पंधराव्या शतकाच्या आरंभी नासिरखान फारुकीने हे नगर वसविले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब ह्यांचे नाव त्यास दिले. १६०१ मध्ये जवळचा अशीरगड अकबराच्या हाती पडल्यापासून बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेतील मोठे ठाणे झाले. १६३१ मध्ये मुमताजमहल येथेच वारली, आणि १६८१ मध्ये मराठ्यांनी ह्याच शहराची संपत्ती लुटून नेली. उत्तरेहून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांची वाट येथूनच जात असे. १६६५ च्या आरंभी मिर्झाराजे ह्याच वाटेने शिवाजी महाराजांवर चालून आले.

त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि जहांगीर, शहाजहान व औरंगजेब अशा तीन बादशहांची चाकरी केली होती. त्यांची निष्ठा व्यक्तीवर नसून तख्तावर होती. १६५८ च्या वारसायुद्धात सुलेमान शुकोहची बाजू सोडून ते औरंगजेबास मिळाले, ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. पुरंदरास वेढा पडला, वज्रगड गेला, मुरारबाजी धारातीर्थी पडला, आणि जून १६६५ मध्ये तह झाला. महाराजांनी तेवीस किल्ले देऊन बारा राखले. पुढे मिर्झाराजांची विजापूरवरील मोहीम फसली. तेव्हा महाराज दक्षिणेत न राहता बादशहाच्या भेटीस जावेत, ही निकड त्यांस अधिकच भासू लागली. महाराजांच्या जिवास धोका होणार नाही अशी त्यांनी शपथपूर्वक हमी दिली आणि आग्र्यास असलेला आपला पुत्र कुमार रामसिंह ह्याजवर महाराजांची काळजी सोपविली.

१२ मे १६६६ रोजी दरबारात जे घडले ते मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. त्यानंतर पडद्याआड जे घडले ते मात्र कमी परिचित आहे. महाराजांस ठार करण्याचा बेत शिजतो आहे असे कळताच रामसिंहाने महंमद अमीनखानास गाठले. महाराज आपल्या वडिलांच्या वचनावर आले आहेत, त्यांस मारावयाचे असेल तर आधी आपणांस मारावे, असे त्याने बजाविले. त्यावर बादशहाने त्याजकडून जामीनकतबा मागितला. महाराजांनी शिवपूजा करून रामसिंहास आपले वचन दिले आणि रामसिंहाने कतबा लिहून दिला.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामिनकीत तीन पक्ष असतात: देणे असणारा, घेणे असणारा आणि मध्ये उभा राहणारा. ह्या कसाने पाहिले म्हणजे एक विलक्षण पेच नजरेस येतो. बाप बादशहाच्या वर्तनास जामीन होता. मुलगा महाराजांच्या वर्तनास. एकाच घराण्याने समोरासमोरच्या दोन्ही पक्षांची हमी घेतली होती. त्यांपैकी पहिली हमी बादशहाने मोडली. पाहुण्याच्या बिऱ्हाडाभोवती फुलादखानाच्या चौक्या बसल्या त्याच दिवशी मिर्झाराजांचा शब्द पोकळ ठरला. जे आपल्या हाती नव्हते ते देण्याचे वचन त्यांनी दिले होते. महाराजांनी तर रामसिंहास आपला जामीनकतबा मागे घेण्यास सांगितले होते. म्हणजे निसटण्यापूर्वी त्या तरुणास मोकळे करण्याची जाणीव त्यांच्या ठायी होती.

हे महिने मिर्झाराजांनी सरळपणाने काढले. महाराजांस कैद करून वा मारून लाभ नाही असे ते दक्षिणेतून दरबारास लिहीत होते, आणि बापलेकांचे वचन खोटे पडू नये म्हणून मुलास बजावीत होते. पण १७ ऑगस्टला महाराज निसटले आणि संशय रामसिंहावर आला. त्याची मनसब गेली, दरबार बंद झाला. ह्यानंतर मिर्झाराजांनी वजीर जाफरखानास जे पत्र लिहिले ते ‘हफ्त अंजुमन’ ह्या त्यांच्या पत्रसंग्रहात आहे. महाराजांच्या कन्येस आपल्या मुलासाठी मागणी घालण्याचे निमित्त करून त्यांस भेटीस आणावे आणि जाता-येता त्यांचा काटा काढावा, असा बेत त्यात मांडला आहे.

पुत्र संकटात असता पित्याने लिहिलेले हे पत्र आहे, हे त्यांच्या बाजूने सांगता येईल, आणि न्यायाने ते सांगितलेही पाहिजे. पण त्याने पत्राचा अर्थ बदलत नाही. शब्द मोडला होता बादशहाने. त्याचा दंड मिर्झाराजे वसूल करू पाहत होते तो ज्याचा विश्वासघात झाला त्याजकडून. पुरंदरच्या वेढ्यात जे धैर्य त्यांस पुरले ते धन्यास ‘आपण माझा शब्द मोडलात’ एवढे सांगण्यास पुरले नाही. रामसिंहाने मात्र ते आपला जीव पणास लावून सांगितले होते.

त्या निष्ठेचे फळही मिर्झाराजांस मिळाले नाही. १६६७ मध्ये दक्षिणेचा कारभार शहाजादा मुअज्जमकडे गेला. परत निघालेले मिर्झाराजे त्या पावसाळ्यात बऱ्हाणपुरास मरण पावले. विषप्रयोगाच्या कथा तेव्हापासून सांगितल्या जातात; परंतु वदंता म्हणजे पुरावा नव्हे. पित्याच्या मृत्यूनंतर रामसिंहास राजेपद मिळाले आणि पुढे त्याची रवानगी दूर आसामच्या मोहिमेवर झाली. तेथे १६७१ मध्ये सराईघाटाच्या लढाईत लाचित बरफुकनने मोगल सैन्याचा पराभव केला.

तापीकाठची ती छत्री औरंगजेबाच्या आज्ञेने बांधली गेली असे सांगतात. तसे असेल तर ज्या धन्याने सेवकाचा शब्द राखला नाही, त्यानेच त्याचे स्मारक राखले. बऱ्हाणपुरास जाणारा मराठी प्रवासी मुमताजमहलची आठवण काढतो, शाही किल्ला पाहतो. त्याने तापीच्या काठाने ह्या छत्रीपर्यंतही जावे. महाराजांच्या आग्र्याच्या कथेतील एक हिशेब तेथे अपुरा राहिला आहे.