बनारसीदास लहानपणी काय वाचत होते?



स्वाध्यायात 'नाटक समयसार' लागलं की कविवर बनारसीदासांचं नाव आपण फार आदरानं घेतो. कुंदकुंदाचार्यांचा कठीण विषय त्यांनी १६३६ मध्ये सोप्या, गाता येईल अशा भाषेत आणला. पण हेच कविवर चौदाव्या वर्षी काय वाचत होते, ते सहसा कोणी सांगत नाही. त्यांनी मात्र काही लपवलेलं नाही. १६४१ च्या 'अर्धकथानक' या आत्मचरित्रात सगळं आहे. नाथूराम प्रेमींनी ते मुंबईहून छापलं, म्हणून आपल्या हाती आलं.

जन्म १५८६ चा, जौनपूरचा, घरात जवाहिराचा व्यापार. चौदाव्या वर्षी पंडितांकडे नाममाला, ज्योतिष, अलंकार शिकले, आणि जोडीला कोकशास्त्रसुद्धा! पुढे भानुचंद्र मुनींकडे धर्माचे पाठ घेतले. घरच्या मोठ्यांनी बजावलं, फार शिकणं हे ब्राह्मण-भाटांचं काम, वाण्याच्या पोरानं दुकानात बसावं. (थोड्या फरकानं हे वाक्य आपल्याही घरांत ऐकलेलं आहे, नाही का?) पोरानं ऐकलं नाही. हजारभर दोहे-चौपायांची पोथी रचली, त्यात बहुतेक शृंगारच.

मग १६०५ च्या सुमारास एक दिवस गोमतीच्या पुलावर मित्रांना ती वाचून दाखवताना मनात आलं, एक खोटं बोलणाऱ्याला नरक, मी तर हजारो खोट्या गोष्टी लिहिल्या. पोथी नदीत! मित्र हळहळले, वडिलांना आनंद झाला.

आपल्याकडे गोष्ट सांगताना इथेच थांबतात. 'वाईट वाचन सुटलं, माणूस सुधारला.' मला हे पटत नाही, कारण पुढचं पान वेगळंच सांगतं. काही वर्षांनी आग्र्यात धंदा बुडाला, खिसा रिकामा. तेव्हा ते घरी बसून रात्री 'मधुमालती' आणि 'मृगावती' मोठ्यानं वाचत. या सूफी कवींच्या प्रेमकथा. ऐकायला दहा-वीस माणसं जमत. जेवण काय, तर कचोरीवाल्याकडची उधारीची कचोरी, तीही कित्येक महिने!

समयसारावरची राजमल्लांची सोपी टीका हातात आली ती यानंतर, पस्तिशी उलटल्यावर. पण 'अर्धकथानक' लिहिलं कोणत्या छंदांत? मुख्यतः दोहा-चौपाईत, म्हणजे त्या प्रेमकथांच्याच चालीत. माणसांना धरून ठेवणारं वाचन त्यांनी कुठे घोटलं असेल? मला तर वाटतं, त्या रात्रीच्या बैठकांतच.

म्हणून पाठशाळेत एखादी आई तक्रार करते, 'ही धर्माचं पुस्तक सोडून गोष्टीच वाचते,' तेव्हा मी तिला हा कचोरीचा किस्सा सांगते. हसते, पण पुस्तक हिसकावत नाही.

आणि हो, 'अर्धकथानक'च्या शेवटी त्यांनी स्वतःचे गुण आणि दोष वेगवेगळे मांडले आहेत. दोषांत एक आहे, एकटे असले की ते नाचतात. तेव्हा वय पंचावन्न होतं.