जमिनीवरची होडी

होडीचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण पाण्यातल्या होडीबद्दल लिहितात. मला मात्र अलीकडे जमिनीवरच्या होडीने पछाडलंय. कारण अर्थातच घरचं. पवनीच्या मामेभावाने चौदा फुटी फायबरची जुनी होडी घेतली, वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांचा ट्रेलर करून घेतला आणि होडी टेकवायच्या लाकडी पट्ट्या अंगणातच बसवायचं ठरवलं. मी सुट्टीवर होतो, सापडलो.

तर पट्ट्या कशासाठी? पाण्यात होडीच्या तळाला सगळीकडून आधार असतो. जमिनीवर आली की तेच वजन मोजक्या जागी येतं. लोखंडी अँगलवर तशीच ठेवली तर तळ दबतो, काही महिन्यांत वाकतो. म्हणून दोन लांब लाकडं, तळाच्या उताराला जुळतील अशी तिरकी. पाण्याचं काम थोडंफार लाकडाने करायचं, इतकंच.

हे काम माणूस फार जुन्या काळापासून करत आलाय. १४५३ साली कॉन्स्टँटिनोपलला वेढा पडला, तेव्हा खाडीचं तोंड साखळीने बंद होतं. सुलतान दुसऱ्या मेहमदाने चरबी लावलेल्या लाकडांच्या वाटेवरून जहाजं टेकडीपलीकडे ओढून खाडीत उतरवली. आपल्याकडे विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे मराठा आरमाराची खडकात कोरलेली गोदी आजही बघता येते. गलबत कोरड्यावर घ्यायचं तर खाली टेकू हवेच.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या भंडाऱ्याचा आणि आरमाराचा काय संबंध? काही नाही. पण हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तरी नाव राहिलं. तलाव गावोगाव, मासेमारी ढिवरांची. आजोबा सांगायचे, एका तलावातला डोंगा दुसऱ्यात न्यायचा तर खाचरावर आधी तणस अंथरायची, मग डोंगा. धानाची तणस दबून तळाच्या आकाराची होते. आज ट्रेलरच्या लाकडावर कार्पेट ठोकतात, त्याचा हा आजोबाच म्हणायचा!

आमच्या पट्ट्या सागाच्या. वाढईकाकांनी बाहेरचं पांढरं लाकूड बाजूला काढलं, फक्त गाभा घेतला, कारण ओलाव्यात टिकतो तो गाभाच. होडी धानाच्या पोत्यांवर ठेवून तळाचा उतार पुठ्ठ्यावर उतरवला आणि तसे ब्रॅकेट वाकवले. बोल्ट स्टेनलेसचे. त्यांची डोकी लाकडात खोल बसवली, म्हणजे कार्पेट झिजलं तरी तळाला लागणार नाहीत. पट्ट्या मागे थेट होडीच्या शेवटापर्यंत नेल्या, कारण इंजिनचं वजन तिथेच.

सगळ्यात मजा आली ती वजन तोलताना. होडी किती पुढे बसवायची यावर मी इंटरनेटवरून आकडे काढत होतो. काका म्हणाले, "बाळा, गाडी उलाळ होऊ नये एवढं पाहायचं." पुढचा भाग हलका झाला की खाचर बैलांच्या मानेवरून वर उचलतं. ट्रेलरही तसाच, पुढे थोडा दाब नसेल तर वेगात शेपूट हलवू लागतो. मला सापडलेला आकडा एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के. काकांनी कडी हाताने उचलून पाहिली, होडी चार बोटं पुढे सरकवली आणि विषय संपवला.

एवढा खटाटोप कशाला, असं घरात सगळ्यांनीच विचारलं. भावाचं उत्तर मला पटलं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला पूर आला, तेव्हा पाणी नेहमीच्या घाटावर थांबलं नाही, वस्त्यांत शिरलं. घाटावर बांधलेली होडी अशा वेळी पलीकडच्या टोकाला अडकलेल्यांच्या काय कामाची? पाणी जिथे जाईल तिथे होडी जायला हवी, आणि ती जाणार रस्त्यानेच.

आमची नदीही आता पूर्वीची राहिलेली नाही. १९८८ साली राजीव गांधींनी गोसीखुर्दची पायाभरणी केली. धरण झालं, पाणी फुगलं, गावं उठली. आंभोऱ्याला, जिथे मुकुंदराजाने विवेकसिंधु लिहिला असं आम्ही अभिमानाने सांगतो (अंबाजोगाईकरांनी रागावू नये), लोक होडीने नदी ओलांडत. २०२४ मध्ये तिथे पूल सुरू झाला. पूल झाला हे चांगलंच झालं. पण रोजची होडी थांबली की तिला सांभाळणारे हातही कमी होतात, आणि पूर तर येतच राहणार. म्हणून मला वाटतं, पुलाच्या गावीसुद्धा एखादी होडी चाकांवर तयार असावी.

असो. ट्रेलरवरच्या या लाकडांना मराठी शब्द काय? भाऊ 'पाट्या' म्हणतो, काका 'टेकू'. कोकणातल्या मंडळींकडे नक्की नेमका शब्द असेल. कळवा.