परतीची वाट

मुंबईत घर घेणं काही झेपेना, म्हणून सिंधुदुर्गातल्या गावी जाऊन राहायचं डोक्यात घोळतंय. आईला सांगितलं, तर ती गप्पच झाली.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यात आजोबाही. शेवटी खोली सोडून सगळे गावी परतले. आईची सातवी अर्धवट राहिली ती तेव्हाच. संप रीतसर मिटलाच नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, आणि तिथलंच घर आज मला परवडत नाही!

एरवी मनिऑर्डरवर चालणाऱ्या गावानंच तेव्हा मुंबईकरांना भात-नाचणी घालून तगवलं. मग गावी जाणं ही हार कशी? पण पुढच्या वर्षी माझी मुलगी शाळेत जाईल...

मामा, वाचतोयस ना? तू काय म्हणतोस?