उंबरठा, कट्टा आणि मंडप

मनुष्य घर बांधतो, देवालय बांधतो, मठ बांधतो. परंतु एकदा बांधकाम पुरे झाले, की त्या वास्तूच मनुष्याच्या चालण्याबसण्यास, बोलण्यास आणि मौनासही वळण लावू लागतात, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. राजवंशांचा इतिहास ताम्रपट व शिलालेख यांवरून लिहिता येतो. पण सामान्य जनांनी शतकानुशतके पाऊल कोठे टाकले, मस्तक कोठे लवविले आणि कोण कोणाशेजारी बसले, हा इतिहास पायऱ्या, खांब आणि द्वारे यांच्यापाशीच वाचावा लागतो.

अशा वाचनास हिरण्यकेशीच्या तीरावरील संकेश्वर व त्याचा आसमंत विशेष अनुकूल आहे. शंकरलिंगाचे देवालय आणि शंकराचार्यांचे पीठ यांमुळे हे गाव दोन्ही भाषांच्या भाविकांस परिचित आहे. 1956 साली राज्यपुनर्रचनेत हा भाग मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तथापि देवालयांच्या बांधणीला व घरांच्या रचनेला ती सीमा कधीच ठाऊक झाली नाही. मराठीत ज्याला उंबरठा म्हणतात त्याला कन्नडात होस्तिलु म्हणतात. नाव निराळे, पण त्याच्यापुढे पाऊल थबकते ते सारखेच.

हे थबकणे शिल्पशास्त्राने योजून घडविलेले आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत प्रासादाचे जे प्रमाण दिले आहे, त्यानुसार गर्भगृहाची रुंदी प्रासादाच्या रुंदीच्या निम्मी, द्वाराची रुंदी गर्भगृहाच्या चतुर्थांश आणि द्वाराची उंची त्याच्या रुंदीच्या दुप्पट असावी. प्रासाद 16 हात रुंद असेल, तर गर्भगृह 8 हात, द्वार 2 हात रुंद व 4 हात उंच होते. हात म्हणजे सुमारे दीड फूट धरला, तर हे द्वार तीन फूट रुंद व सहा फूट उंच ठरते. त्यात उंबरठ्याची उंची वजा होते. येथे दोघांना जोडीने जाता येत नाही, घाईने जाता येत नाही, आणि उंच पुरुषाला मान ताठ ठेवूनही जाता येत नाही. राजा असो वा रयत, येणाऱ्याने एकट्याने, सावकाश आणि वाकून यावे, हा उपदेश तेथे कोणी मुखाने करीत नाही. चौकटच तो करविते.

याच प्रमाणात प्रासादाच्या रुंदीचा उरलेला अर्धा भाग भिंतींच्या वाट्यास येतो. एवढ्या जाड दगडी भिंतीला ऊन आत पोहोचविण्यास फार वेळ लागतो. म्हणून वैशाखातील भर दुपारीही गर्भगृहाजवळचा दगड तळपायाला गार लागतो. खिडक्या नसल्यामुळे डोळ्यांस प्रथम अंधार वाटतो, मग हळूहळू समईच्या प्रकाशात मूर्ती दिसू लागते. लहान, चौकोनी आणि कठीण भिंतींच्या खोलीत ध्वनी परतून येतो व रेंगाळतो. त्यामुळे एका पुजाऱ्याचा मंत्रोच्चारही भरीव होऊन कानी पडतो. शीतलता, मंद प्रकाश आणि घुमणारा नाद या तिन्हींनी इंद्रिये आवरली जातात, आणि मग मन आवरणे तितके कठीण राहत नाही.

शिरोळ तालुक्यातील खिद्रापूर येथे, कृष्णेच्या काठी, हाच क्रम मोठ्या भव्यतेने मांडलेला आहे. शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिराला यादव राजा दुसरा सिंघण याने इ. स. 1213-14 च्या सुमारास जीर्णोद्धारासाठी दान दिल्याचे शिलालेखावरून समजते. येथील स्वर्गमंडप मध्यभागी वर्तुळाकार मोकळा आहे. त्याखाली तशीच वर्तुळाकार शिला आणि भोवती बारा खांबांचे कडे. यात्रेकरू प्रथम आकाशाखाली उभा राहतो, नंतर छायेच्या सभामंडपात शिरतो, पुढे अंतराळात आणि शेवटी गर्भगृहाच्या अंधारात पोहोचतो. एकेका पावलागणिक प्रकाश कमी होतो, छत खाली येते, आवाज आपोआप उतरतो. सभामंडपात बोलणारा माणूस अंतराळात कुजबुजू लागतो. त्याला कोणी गप्प केलेले नसते.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत शरीराला नेमकी उलट आज्ञा मिळते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने 1204 साली हे जैन मंदिर उभारले. तेथील मंडपाच्या छतात कोरलेले पाषाणकमळ पाहण्यासाठी प्रत्येकाची मान वर होते. उंबरठा दृष्टी खाली आणतो, छतातील कमळ ती वर नेते. संप्रदाय निराळे असतील. पण शरीराच्या द्वारा मनाशी बोलण्याची विद्या दोघांच्याही स्थपतींस अवगत होती.

देवालयाबाहेर हीच विद्या लोकव्यवहारात उतरली. मराठीतील कट्टा आणि कन्नडातील कट्टे हा एकच शब्द. पडसाळ आणि पडसाले यांचेही तसेच. पाराच्या कट्ट्यावर बसण्याची उंची सर्वांना सारखी, बाजू सर्वांना मोकळी. म्हणून तेथे गप्पा रंगतात, तंटे मिटतात, बातमी पसरते. पडसाळ ही घराच्या आत नाही आणि बाहेरही नाही. म्हणून परका मनुष्य तेथे संकोचाविना टेकतो. पाठशाळेत गुरूंसमोर मांडी घालून बसलेला विद्यार्थी इतका जवळ असतो, की त्याच्या ओठांवरील चुकीचा स्वरही गुरूंच्या नजरेतून सुटत नाही. उपनिषद् या शब्दातच जवळ बसण्याचा अर्थ आहे. ज्ञानाच्या नावातच बैठकीची रचना सांगितली गेली.

पाश्चात्त्यांनाही या सत्याचा प्रत्यय आला आहे. मे 1941 मध्ये बाँबहल्ल्यात ब्रिटिश लोकसभेचे सभागृह उद्ध्वस्त झाले. ते नव्याने कसे बांधावे याची चर्चा 1943 साली झाली, तेव्हा पंतप्रधान चर्चिल यांनी जुनीच आयताकृती, समोरासमोरच्या बाकांची आणि सर्व सभासदांना एकदम न पुरणारी रचना कायम ठेवण्याचा आग्रह धरला. समोरासमोर बसल्याने पक्ष स्पष्ट राहतात आणि जागा आटोपशीर असल्याने भाषण संवादासारखे होते, असे त्यांचे मत होते. 1950 मध्ये उघडलेले सभागृह त्याच घाटाचे आहे.

परंतु या शक्तीची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. जो उंबरठा एकाला नम्रता शिकवितो, तोच दुसऱ्याला बाहेर ठेवतो. पंढरपूरच्या महाद्वारी नामदेवांची पायरी आहे. तीवर पाय पडू नये म्हणून वारकरी ती ओलांडून जातात. त्याच द्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम करताना भिंत कोसळून 1338 साली त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. दुसऱ्यांच्या रक्षणासाठी भिंत बांधणाऱ्या या संताला देवाच्या भिंतीआड मात्र जाता आले नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली 2 मार्च 1930 रोजी सत्याग्रह सुरू झाला. तेव्हाही सत्याग्रहींपुढे बंद द्वारेच होती. पंढरपूरचे द्वार हरिजनांस खुले व्हावे यासाठी साने गुरुजींनी मे 1947 मध्ये तेथील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले. एका मठाच्या वास्तूने त्या वेळी दुसऱ्या वास्तूचे द्वार उघडण्यास आसरा दिला, ही गोष्ट मठांच्या इतिहासात आवर्जून नोंदविण्याजोगी आहे. चौकटीचे माप पूर्वी होते तेच राहिले; बदलला तो द्वारपाळाचा हात.

यावरून जीर्णोद्धार करणाऱ्यांवर केवढी जबाबदारी येते हे उघड होते. कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरात नोव्हेंबरमध्ये, तसेच जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या प्रारंभी मावळत्या सूर्याची किरणे पश्चिमेकडील महाद्वारातून देवीपर्यंत येतात. क्रमाने चरण, कटी आणि मुख उजळणाऱ्या या किरणोत्सवाला पश्चिमेकडील उंच बांधकामांचा अडथळा होऊ लागला. देवालयाची सीमा त्याच्या प्राकारापाशी संपत नाही, हा धडा त्यातून मिळतो. उलट पंढरपुरात 2024 साली संवर्धनासाठी 15 मार्च ते 2 जून पदस्पर्शदर्शन बंद ठेवून मागाहून बसविलेल्या फरश्या काढण्यात आल्या व मूळ पाषाण पुन्हा मोकळा करण्यात आला.

चकचकीत फरशी घातली की पावसाळ्यात पाय घसरतो व उन्हाळ्यात अंगण भाजते. प्रखर दिवे लावले की डोळे निवण्याचा अवकाश नाहीसा होतो. लोखंडी कठड्यांची रांग केली की प्रदक्षिणा संपून नुसते पुढे सरकणे उरते. सोयी हव्यातच, वृद्धाला आधाराचा कठडा आणि अपंगाला उताराची वाट देणे हाही धर्मच आहे. मात्र प्रत्येक नवा दगड बसविण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत: येथे येणाऱ्याचे शरीर यामुळे शांत होईल काय? आणि येथे येऊ इच्छिणारा कोणी यामुळे बाहेर राहील काय? पहिल्याचे उत्तर होकारार्थी व दुसऱ्याचे नकारार्थी येईल, तेथे जीर्णोद्धार हे नाव सार्थ होईल.