अपत्यप्राप्तीचीं औषधें : एका भीतीचा इतिहास

मूल व्हावें म्हणून औषध घ्यावें, आणि दिवस राहिल्याचें कळतांच त्याच औषधाची भीति वाटूं लागावी, असा एक विलक्षण प्रसंग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धानें स्त्रियांपुढें उभा केला. ज्या गोळीवर काल सारी आशा ठेविली, तीच आज संशयास्पद होते. आपणांस ठाऊक नसतांना गर्भ राहिला असेल आणि औषधानें त्यास अपाय झाला असेल, तर दोष कोणाचा, हा प्रश्न पुष्कळ घरांत मूकपणें सोसला जातो. या भीतींत सत्यांश किती, हें पाहावयाचें तर ती कोठून आली हें आधीं पाहिलें पाहिजे.

आईच्या उदरांत गर्भ सुरक्षित असतो, बाहेरचा अपाय त्याच्यापर्यंत सहसा पोंचत नाहीं, अशी दीर्घकाल समजूत होती. १९४१ सालीं सिडनी येथील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनीं तिला पहिला मोठा धक्का दिला. गरोदरपणाच्या आरंभीं ज्या मातांना जर्मन गोवर आला होता, त्यांच्या मुलांत जन्मतःच मोतीबिंदु आढळतो, असें त्यांनीं दाखविलें. पुढें १९५७ सालीं पश्चिम जर्मनींत थॅलिडोमाइड हें झोपेचें औषध विक्रीस आलें. नोव्हेंबर १९६१ मध्यें तें तेथें मागें घेण्यांत आलें, तोंपर्यंत निरनिराळ्या देशांत मिळून सुमारें १०,००० मुलें हातापायांचीं व इतर गंभीर व्यंगें घेऊन जन्मास आलीं, असा अंदाज आहे. त्या औषधाचा घातक काळ गर्भधारणेनंतर सुमारें २० ते ३६ दिवसांचा होता. म्हणजे पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहों याची नुकती शंका येऊं लागते, तोच. कळण्यापूर्वींच अपाय घडून जातो, ही भीति तेव्हांपासून कायमची रुजली.

तिला आणखी एक कारण मिळालें. गर्भपात टळावा म्हणून डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल नांवाचें कृत्रिम संप्रेरक कित्येक वर्षें गरोदर स्त्रियांना दिलें जात होतें. अशा कांहीं मातांच्या तरुण मुलींत योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग होतो, असें १९७१ सालीं बोस्टन येथील डॉक्टरांनीं दाखविलें. मुलासाठीं घेतलेलें औषधच मुलास बाधलें. दुधानें तोंड पोळलेलें जग ताकहि फुंकून पिऊं लागलें, यांत नवल नाहीं.

याच काळांत अपत्यप्राप्तीचें पहिलें गाजलेलें तोंडानें घ्यावयाचें औषध पुढें आलें. सिनसिनाटीच्या मेरेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत १९५६ सालीं क्लोमिफेन तयार झालें. १९६१ मध्यें रॉबर्ट ग्रीनब्लाट यांनीं त्याचा गुण प्रसिद्ध केला, आणि १९६७ सालीं अमेरिकेनें त्यास मान्यता दिली. अमेरिकेंत थॅलिडोमाइड विकण्याची परवानगी मागणारी कंपनीहि हीच. ती परवानगी फ्रान्सिस केल्सी यांनीं अडवून धरली होती. क्लोमिफेन स्त्रीसंप्रेरक कमी पडत असल्याचा भास मेंदूस करून देतें, आणि त्यामुळें अंडाशयास स्त्रीबीज सोडण्याची चेतना मिळते. परंतु तें लवकर ओसरत नाहीं; त्याचा अंश शरीरांत कांहीं आठवडे रेंगाळतो.

२००१ सालीं टोरांटोच्या मितवाली व कॅस्पर यांनीं याच कार्यासाठीं लेट्रोझोलचा उपयोग प्रसिद्ध केला. हें औषध मूळचें स्तनाच्या कर्करोगावरचें. त्यामुळें संशयास जागा होतीच. ऑक्टोबर २००५ मध्यें मॉन्ट्रियलच्या परिषदेंत एक निबंध वाचला गेला. त्यांत या औषधानंतर झालेल्या १५० मुलांची तुलना ३६,००० हून अधिक सामान्य प्रसूतींशीं केलेली असून, हृदयाचीं व हाडांचीं व्यंगें अधिक दिसल्याचें म्हटलें होतें. लगेच उत्पादक कंपनीनें डॉक्टरांस इशारा दिला, आणि बातमी जगभर गेली.

परंतु तुलना कोणाची कोणाशीं, हा प्रश्न मागें राहिला. एकीकडे वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या, वयानें थोराड स्त्रिया. दुसरीकडे गुंतागुंत नसलेल्या प्रसूतींचें रुग्णालय. जेथें व्यंगाची शंका असलेल्या माता मुळीं राहतच नाहींत, तेथें व्यंगें कमी दिसणारच. २००६ सालीं कॅनडांतील पांच केंद्रांनीं ९११ मुलें तपासलीं, आणि या वेळीं लेट्रोझोलची तुलना क्लोमिफेनशीं, म्हणजे तशाच उपचार घेणाऱ्या स्त्रियांशीं केली. व्यंगांचें प्रमाण लेट्रोझोलच्या गटांत शेंकडा २.४, तर क्लोमिफेनच्या गटांत ४.८ भरलें. कोणतेंहि औषध न घेतां जन्मणाऱ्या मुलांतहि शेंकडा सुमारें तिघांत मोठें व्यंग आढळतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्यांचा अर्थ उलगडतो.

भारतांत मात्र भीतीचें राज्य अधिक टिकलें. ऑक्टोबर २०११ मध्यें केंद्र सरकारनें अपत्यप्राप्तीसाठीं लेट्रोझोल देण्यास बंदी केली. २०१४ सालीं अमेरिकेंत ७५० स्त्रियांवरील मोठ्या प्रयोगाचा निष्कर्ष आला : अंडाशयांत अनेक गांठी असलेल्या या स्त्रियांपैकीं लेट्रोझोलनें शेंकडा २७.५ जणींना, तर क्लोमिफेननें १९.१ जणींना जिवंत मूल झालें, आणि व्यंगांच्या बाबतींत लक्षणीय फरक दिसला नाहीं. भारतांतील बंदी २०१७ सालीं उठली. मधल्या वर्षांत ज्यांची उमर निघून गेली, त्यांचें नुकसान कोणत्याहि कोष्टकांत नोंदलेलें नाहीं.

दिनदर्शिकाहि या भीतीस उत्तर देते. लेट्रोझोल साधारणतः पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून पांच दिवस देतात. शरीरांतील त्याचें प्रमाण सुमारें दर दोन दिवसांनीं निम्म्यावर येतें. स्त्रीबीज त्यानंतर कांहीं दिवसांनीं सुटतें, आणि गर्भ गर्भाशयांत रुजण्यास आणखी सुमारें आठवडा लागतो. तोंवर औषध बहुतेक ओसरलेलें असतें.

खरा धोक्याचा प्रसंग निराळा आहे. कित्येकदां गर्भ राहिलेला असूनहि थोडा रक्तस्राव होतो, तो पाळी समजला जातो, आणि नवीन गोळ्या सुरू होतात. प्राण्यांवरील प्रयोगांत लेट्रोझोल गर्भास बाधक ठरलें आहे, म्हणून गरोदरपणांत दोन्ही औषधें वर्ज्य आहेत, आणि गोळ्या सुरू करण्यापूर्वीं गरोदरपणाची चांचणी करणें हाच सोपा उपाय होय. तरीहि चुकून गोळ्या घेतल्या गेल्या, तर त्या थांबवून डॉक्टरांस तारखांसह सर्व सांगावें. क्लोमिफेनच्या अशा अनवधानानें झालेल्या सेवनांच्या नोंदींत व्यंगांचें प्रमाण सामान्याहून वाढलेलें आढळलेलें नाहीं. तेव्हां केवळ भयापोटीं गर्भ काढून टाकण्याचा निर्णय घेणें योग्य नव्हे. थॅलिडोमाइडनें जगास सावधगिरी शिकविली. परंतु सावधगिरी म्हणजे भय नव्हे, आणि अजाणतां गोळी घेणाऱ्या आईस अपराधी ठरविणें तर मुळींच नव्हे.