पट फिरवून बघताना

पट मनातल्या मनात फिरवून समोरच्याच्या बाजूने बघावा, हे बुद्धिबळ शिकताना आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण तसं बघण्याच्याही दोन तऱ्हा असतात, मंडळी!

१९७२, रेक्याविक. आव्हानवीर बॉबी फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्याला आलाच नाही. जगज्जेता बोरिस स्पास्की २-० ने पुढे. तिथूनच तो घरी परतला असता तरी कोण काय बोललं असतं? पण फिशरच्या हट्टाखातर तो तिसरा डाव मागच्या खोलीत खेळला... आणि हरला.

फिशरने स्पास्कीच्या डावांचं पुस्तक पालथं घातलं होतं. सहाव्या डावात नेहमीचं राजापुढचं प्यादं सोडून त्याने क्वीन्स गॅम्बिट खेळलं आणि स्पास्कीच्या आवडत्या बचावालाच भिडला. हरल्यावर स्पास्कीने प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवल्या!

फिशरने पट फिरवला तो जिंकण्यासाठी. स्पास्कीला पलीकडे माणूसही दिसला.

२००४ मध्ये फिशर जपानमध्ये अटकेत होता. तेव्हा स्पास्कीने बुश यांना पत्र लिहिलं: मलाही अटक करा, त्याच्याच कोठडीत ठेवा आणि एक बुद्धिबळाचा पट द्या.

जगज्जेतेपद कधीच गेलं होतं. समोरची खुर्ची मात्र त्याने सोडली नव्हती.